बागेतून थेट घरात: हापूसच्या नव्या बागायतदाराने सोशल मीडियावर गिऱ्हाईक कसं जोडावं आणि टिकवावं

हापूस विकत घेणाऱ्याला पेटी उघडली तरी फळाच्या आतलं काही कळत नाही. वरून केशरी, वासाला घमघमीत आंबा कापल्यावर आत साका, म्हणजे कोयीजवळचा फुसफुशीत आंबूस गर, निघू शकतो. 'देवगड' छापलेल्या खोक्यात कर्नाटकातला आंबा असू शकतो. कार्बाइडने नुसता पिवळा केलेला आंबा चवीला पांचट निघतो. म्हणूनच मुंबई-पुण्यातली घरं वर्षानुवर्षं एकाच ओळखीच्या माणसाकडून पेटी घेतात. थेट विक्रीत उतरणाऱ्या बागायतदाराला नेमकी त्या ओळखीच्या माणसाची जागा मिळवायची असते. चांगले फोटो, रील, कॅटलॉग हे सगळं त्यासाठीच करायचं, आणि त्यातलं जे ओळख वाढवत नाही ते खुशाल सोडून द्यायचं.

पुढची पद्धत दीड-दोनशे कलमांची बाग आणि पहिल्या हंगामात शंभरेक घरं एवढा बेत डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. काम जूनमध्ये सुरू करा. मार्चमध्ये पहिली तोड झाल्यावर पेज उघडणारे बागायतदार पुष्कळ असतात, पण तोवर गिऱ्हाइकाने आपला आंबेवाला ठरवलेला असतो.

आधी यादी, मग पेज

पहिली शंभर घरं इन्स्टाग्रामवर सापडत नाहीत. ती गावच्या चाकरमान्यांच्या ओळखीत, बहिणीच्या सोसायटीत, मुलाच्या ऑफिसात असतात. वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा: नाव, फोन, परिसर व पिनकोड, ओळख कोणाची, आणि घरात माणसं किती. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. दोन वृद्ध माणसांच्या घरी पाच डझनांची पेटी गळ्यात मारली तर निम्मा आंबा उतरून जातो आणि पुढच्या वर्षी फोन येत नाही. त्यांना एक डझनाचा खोका द्या, पंधरा दिवसांनी दुसरा द्या.

यादीतल्या प्रत्येकाला आधी एकट्याने संदेश पाठवा आणि परवानगी मागा. असा:

"नमस्कार काकू, मी अमक्यांच्या ओळखीने तुमचा नंबर घेतला. राजापूरजवळ आमची हापूसची बाग आहे. महिन्यातून एकदा, आणि हंगामात थोडी जास्त वेळा, बागेची खबर पाठवली तर चालेल का? चालत असेल तर हा नंबर सेव्ह करून ठेवाल का? नको असेल तर तसं सांगा, परत त्रास देणार नाही."

नंबर सेव्ह करायला सांगण्यामागे तांत्रिक कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी जास्तीत जास्त २५६ जणांची असते आणि तिच्यातला संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. नवशिके दोनशे जणांची यादी करतात, चाळीस जणांना संदेश जातो, आणि 'लोकांना रस नाही' असा समज करून घेतात.

ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, एक जण राजकारण टाकतो, दुसरा भावावरून वाद घालतो, आणि न विचारता जोडलेली माणसं नंबर रिपोर्ट करतात. बरेच रिपोर्ट झाले की व्हॉट्सअ‍ॅप खातंच बंद करतं. ऐन एप्रिलमध्ये नंबर बंद पडला तर नुकसान किती, याचा हिशेब कोणाही बागायतदाराला लगेच मांडता येईल.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची मांडणी

घरचा नंबर वापरू नका, वेगळं सिम घ्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यातल्या चार गोष्टी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

प्रोफाइलमध्ये बागेचं नाव, गाव, तालुका आणि नकाशावरचं ठिकाण टाका. लोगोऐवजी माणसाचा फोटो लावा, शक्यतो बागेत उभं राहून काढलेला. आंबा कोणाकडून घेतोय ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे.

कॅटलॉगमध्ये 'मोठा', 'मध्यम', 'स्पेशल' असले शब्द लिहू नका. वजन लिहा: २०० ते २५० ग्रॅमचं फळ, डझनाचं वजन साधारण अडीच ते तीन किलो. फोटो वजनकाट्यावर फळ ठेवून, आकडा दिसेल असा काढा. 'आंबे लहान निघाले' ही तक्रार येते ती बहुतेक वेळा शब्दांच्या घोळामुळे. वजन सांगून ठेवलं की ती उरत नाही.

लेबलं तयार करा: चौकशी, आगाऊ आली, पेटी गेली, पेटी पोचली, तक्रार, गेल्या वर्षीचे. रोज रात्री दहा मिनिटं देऊन प्रत्येक संभाषणाचं लेबल बदला. हंगामात दिवसाला साठ-सत्तर संदेश येतात, तेव्हा डोक्यात काही राहत नाही.

झटपट उत्तरं म्हणजे क्विक रिप्लाय लिहून ठेवा: भाव, पोचण्याचे दिवस, पिकवण्याची रीत, तक्रार कशी करावी. मात्र प्रत्येक उत्तराच्या आधी नाव टाका. 'वहिनी, तुमच्याकडे शुक्रवारी गाडी आहे' हे आणि 'डिलिव्हरी इन ३-४ डेज' हे ज्याला वाचायचं असतं त्याला दोन्हींतला फरक पहिल्या ओळीतच कळतो.

एक कलम निवडा आणि वर्षभर तेच दाखवा

बागेची खबर म्हणून सणाच्या शुभेच्छांची चित्रं पाठवण्याची सवय आधी मोडा. संक्रांत, शिवजयंती, महिला दिन अशी तयार ग्राफिक्स प्रत्येक दुकानदार पाठवतो. ती आली की लोक संभाषण म्यूट करतात आणि मग मार्चमधला खरा संदेशही दिसत नाही.

त्याऐवजी बागेतलं एक जुनं कलम निवडा. त्याला क्रमांक द्या किंवा घरात त्याला जे म्हणतात ते नाव. समोर एक दगड पक्का करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी त्या दगडावर उभं राहून, सकाळी आठच्या सुमारास, त्याच कोनातून फोटो काढा. शहरातल्या माणसाला आंबा एप्रिलमध्ये दिसतो. त्यामागचे दहा महिने त्याने पाहिलेलेच नसतात, म्हणून त्याला ते खरोखर बघावेसे वाटतात.

खबर काय द्यायची, तर जे चाललंय ते. पावसाळ्यात आळ्यात घातलेलं शेणखत, तोडलेलं बांडगूळ. ऑक्टोबरच्या उन्हात पक्व झालेली पालवी. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली की फुटणारा मोहोर. कल्टार (मोहोर यावा म्हणून घालायचं औषध) वापरत असाल तर तेही सांगा, विचारल्यावर लपवू नका. तुडतुड्याच्या किडीवर आणि भुरीच्या रोगावर कधी काय फवारलं आणि तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवली, हे लिहिणारा बागायतदार विरळा. आणि लहान मुलं असलेल्या घरांना नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं.

जानेवारीपासून कैरी वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी, मग अंड्याएवढी होते. या तीन टप्प्यांचे तीन फोटो तळहातावर ठेवून काढा. अंड्याएवढ्या फळाला वर्तमानपत्राच्या पिशव्या घालत असाल (दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस २५ बाय २० सेंटिमीटरच्या पिशवीची आहे) तर त्याचा व्हिडिओ नक्की करा. पिशवीमुळे फळमाशीपासून बचाव होतो आणि फळाला डाग पडत नाही, एवढं एक वाक्य पुरे.

वाईट खबरही द्या, आणि ती लगेच द्या. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मोहोर काळा पडला, फळ गळालं, तर त्याच दिवशी खाली पडलेल्या कैऱ्यांचा फोटो आणि दोन ओळी: 'पहिल्या मोहोराचा बराच आंबा गेला. आमची पेटी यंदा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल.' हे वाचलेलं गिऱ्हाईक मार्चमध्ये 'अजून आंबा का नाही' म्हणून विचारत नाही आणि भाव थोडा चढा असला तरी कारण त्याला आधीच ठाऊक असतं.

किती वेळा पाठवायचं? जून ते डिसेंबर महिन्यातून एकदा. जानेवारी-फेब्रुवारीत पंधरवड्याने. तोडणी सुरू झाल्यावर आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको. रोजचं दाखवायचं असेल तर ते स्टेटसला ठेवा, ज्याला हवं तो बघेल.

रील: वीस-पंचवीस सेकंद

इन्स्टाग्राम नवी माणसं आणतं, व्हॉट्सअ‍ॅप त्यांना टिकवतं. त्यामुळे रीलच्या शेवटी एकच गोष्ट सांगा: बागेची खबर हवी असेल तर या नंबरवर 'आंबा' असं लिहून पाठवा. भाव, पत्ता, सवलत सगळं एका रीलमध्ये कोंबू नका.

फोन उभा धरा. कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा. बागेत हाताला चीक असतो आणि धुरकट व्हिडिओचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. पहिल्या दोन सेकंदांत हालचाल हवी: झेल्याचं, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीचं, पातं देठावर बसतंय, फळ जाळीत पडतंय. मग क्रेटमध्ये ठेवलेली फळं, तीन ते पाच सेंटिमीटर राखलेला देठ जवळून, आणि तो का राखायचा ते तुमच्या आवाजात: देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि फळ तिथूनच कुजायला लागतं. शेवटी क्रेट सावलीत नेताना दाखवा, कारण तोडलेला आंबा तापलेल्या कातळावर ठेवला तर साक्याला आमंत्रण मिळतं.

बोली बदलू नका. मालवणी येत असेल तर मालवणीत बोला आणि खाली प्रमाण मराठीत ओळी टाका. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांनाही त्या ओळी लागतातच. बिझनेस खात्याला सिनेमातली गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. बागेचा आवाज पुरतो.

रंगाचा फिल्टर मात्र अजिबात नको. फिल्टरमुळे केशरी झालेला आंबा बघून पैसे भरलेल्या माणसाच्या हातात हिरवट-पिवळा आंबा पडला की तो फसवलं गेल्यासारखा चिडतो, मग फळ कितीही गोड असो.

चांगली चालणारी आणखी एक रील म्हणजे पाण्याची परीक्षा. पाण्याने भरलेल्या बादलीत चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलं फळ बुडतं, कोवळं तरंगतं. वीस सेकंदांत समजतं आणि बघणारा घरी करून पाहतो.

भाव आणि आगाऊ रक्कम

हापूसचा भाव हंगामात उतरत जातो आणि गिऱ्हाईक तुटण्याचं मोठं कारण हेच आहे. पाडव्याला चढ्या भावाने पेटी घेतलेल्याला तीच पेटी मेमध्ये पुष्कळ स्वस्त दिसते. फेब्रुवारीतच तीन टप्प्यांचा अंदाज एका चित्रात देऊन टाका: पाडव्याच्या सुमाराला, अक्षय तृतीयेच्या सुमाराला, मेच्या मध्यानंतर. खाली एक ओळ: 'घाई नसेल तर मेपर्यंत थांबा, चव तीच.' असं सांगून एक-दोन महागड्या पेट्या कमी खपतील. पण हे सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो आणि तो पुढची कितीतरी वर्षं टिकतो.

आगाऊ घेताना झाडावरच्या फळाचा अंदाज काढा आणि त्याच्या साठ टक्क्यांपुरत्याच नोंदी घ्या. उरलेला माल वारा, पाऊस, वानर, साका आणि भरपाई यांच्यासाठी. 'नोंद बंद' असं लिहायला घाबरू नका. जास्त नोंदी घेऊन शेवटी शेजारच्या बागेतला किंवा वाशी मार्केटमधला आंबा आपल्या खोक्यात भरण्याची वेळ येते, आणि ते एकदा केलं की इतकं सगळं दाखवलेलं वाया जातं. दुसऱ्याचा आंबा द्यायचाच असेल तर गिऱ्हाइकाला विचारून, त्या दुसऱ्या बागेच्या नावाने द्या.

तारीख कधीच एक देऊ नका. 'गुरुवार ते शनिवार' असं सांगा. गाडी निघाली की पावतीचा फोटो पाठवा.

पेटीतली चिठ्ठी

पेटी पोचल्यावर नातं संपतं असं मानणारे फार आहेत, आणि बिघडतं तेही तिथेच. कच्चा हापूस पिकायला आठ-दहा दिवस लागतात. शहरातल्या घरी तो बंद खोक्यातच राहतो, किंवा थेट फ्रीजमध्ये जातो आणि चिमतो, पण पिकत नाही. दोष बागेवर येतो. म्हणून प्रत्येक पेटीत हाताने लिहिलेली चिठ्ठी घाला. तिच्यात तोडणीची तारीख, कलमाचा भाग आणि हे:

पेटी आली की लगेच उघडा. आंबे एका थरात, पेंढ्यावर किंवा कागदावर, हवेशीर जागी पसरा. रोज एकदा हात फिरवा. मऊ आणि वासाला आलेले वेगळे काढा. पिकल्यावरच फ्रीजमध्ये ठेवा. साल थोडी सुरकुतली तर ते पिकल्याचं लक्षण आहे, खराबीचं नाही. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा.

पेटी पोचल्याच्या चौथ्या दिवशी प्रत्येकाला एक ओळ पाठवा: 'दादा, आंबे कसे पिकतायत? वरच्या थराचा एक फोटो पाठवाल का?' शंभर घरांना हे जमतं. या एका ओळीने तक्रार जाहीर होण्याआधी तुमच्याकडे येते आणि उत्तरात जे फोटो येतात ते तुम्ही काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा मोलाचे असतात. ते दुसरीकडे टाकण्याआधी विचारा. घरातली मुलं दिसत असतील तर नक्कीच विचारा.

साका निघाला तर

साका बाहेरून ओळखता येत नाही. साल छान, वास छान, आणि कापल्यावर कोयीजवळचा गर पांढरट-पिवळा, फुसफुशीत, आंबूस. उत्तम बागेतल्या आंब्यातही तो निघतो. हे हंगाम सुरू होण्याआधीच, कापलेल्या फळाचा जवळून फोटो टाकून सांगा आणि भरपाईचा नियम त्याच पोस्टमध्ये द्या: 'कापल्यावर साका निघाला तर त्याच दिवशी फोटो पाठवा. तितकी फळं पुढच्या खोक्यात जास्त, किंवा तितके पैसे परत. निवड तुमची.' यासाठी शंभर पेट्यांमागे पाच पेट्यांचा आंबा राखून ठेवा.

तक्रार आली की अर्ध्या दिवसात उत्तर गेलं पाहिजे. असं: 'ताई, फोटो पाहिला, साकाच आहे. तीन फळांचे पैसे आत्ता पाठवले. बाकीचे कापून बघा, आणखी निघाले तर कळवा.' 'आमचा आंबा असा नसतोच' किंवा 'तुम्ही नीट ठेवला नाही' असं लिहिलं की ती व्यक्ती गेली, आणि तिच्या सोसायटीतली सात-आठ घरंही गेली. तक्रार इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली सगळ्यांसमोर आली तर ती पुसू नका. तिथेच उत्तर द्या, पैसे परत केल्याचं तिथेच लिहा. वाचणारे शंभर जण तुमचं वागणं बघत असतात.

नाव, मानांकन आणि कायदा

'हापूस' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. मानांकनाचं चिन्ह खोक्यावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. बाग राजापूरची असेल तर राजापूरच लिहा. 'देवगड' जास्त खपतं म्हणून ते लिहू नका. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणले आहेत. खोटं नाव पकडलं जाणं आता सोपं होत चाललंय.

कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू ठरवून दिलेल्या प्रमाणात चालतो. अढीत पिकवत असाल तर अढीच दाखवा, पेंढ्याचा थर आणि फळं मांडण्याची रीत. आंबापोळी, आमरस, मुरंबा विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि पाकिटावर तिचा क्रमांक हवा.

एखाद्या रील करणाऱ्याला फुकट पेटी पाठवली तर त्याने ती भेट म्हणून आल्याचं व्हिडिओत सांगितलं पाहिजे, तसा नियम आहे. लाखभर फॉलोअर असलेल्याच्या मागे लागण्यापेक्षा पुण्यातल्या एखाद्या स्वयंपाकाच्या पेजला, पाच-दहा हजार लोक असलेल्या, पेटी द्या. पोस्टखालच्या कमेंट वाचून बघा. लोक प्रश्न विचारत असतील आणि उत्तरं मिळत असतील तर ते पेज चांगलं.

परदेशातले मराठी लोक 'इकडे पाठवाल का' म्हणून विचारतात. अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून जातो, पण विकिरण (किडीसाठी किरणांची प्रक्रिया) केल्यावरच, मान्यताप्राप्त केंद्रातून. साध्या कुरिअरने ते होत नाही, तसं स्पष्ट कळवा. त्यांना दुसरा रस्ता द्या: न्यू जर्सीत बसून डोंबिवलीच्या आईबाबांना पेटी. पैसे ते पाठवतील, आईबाबांनी पेटी उघडल्याचा फोटो तुम्ही, आईबाबांना विचारून, त्यांना पाठवा. ही मागणी भावावर अडत नाही आणि दरवर्षी परत येते.

मोजायचं काय

लाइक आणि फॉलोअर मोजण्यात वेळ घालवू नका. हंगाम संपल्यावर वहीत चार आकडे काढा: किती घरांनी दुसऱ्यांदा पेटी घेतली, किती नवी घरं जुन्या घरांच्या शब्दावर आली, किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या किती जणांनी पुन्हा आंबा घेतला. शंभरांतली चाळीस घरं दुसऱ्या वर्षी परत आली तर बेत नीट चालला आहे. तक्रार करणाऱ्यांतलं कोणीच परत आलं नसेल तर तुमची उत्तरं परत वाचून काढा.

जूनमध्ये पाऊस धरला की एक शेवटचा संदेश: यंदा किती पेट्या गेल्या, किती फळांत साका निघाला, किती पैसे परत केले, पुढच्या वर्षी काय बदलणार. ज्यांनी सलग दोन हंगाम आंबा घेतला नाही त्यांना वेगळं विचारा, 'खबर पाठवत राहू का?' उत्तर आलं नाही तर नाव यादीतून काढा, आणि त्या जागी वाट बघणाऱ्या एखाद्या घराला घ्या.